रिमार्क्सच्या रकान्यात न मावलेली विमलअक्का

विमलअक्का,

परवा हॉस्पिटलच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली आणि मी तिथे हसले. तेही पहिल्या रांगेत बसून. मोठे डॉक्टर तुझ्या फोटोला हार घालून माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "विमल सिस्टरांनी रुग्णांची खूप सेवा केली." शेजारी बसलेल्या जेसी सिस्टरनं माझ्या कानात हळूच विचारलं, "खूप म्हणजे किती?" झालं! मी ओढणी तोंडावर धरली, जेसीनं रुमाल धरला, आणि मागच्या लोकांना वाटलं आम्ही दोघी रडतोय. रडतही होतोच म्हणा.

तुझाच प्रश्न तो. ड्युटी बदलताना एखादी सिस्टर "पेशंट बरा आहे, थोडं दुखतंय" म्हणाली की तू चष्म्यावरून बघायचीस. "थोडं म्हणजे किती? कुठं? कालच्यापेक्षा कमी का जास्त?" कँटीनमधल्या माणसाला सुद्धा तू सोडलं नाहीस. "स्वल्प थांबा अक्का" असं तो म्हणाला की तू घड्याळ दाखवायचीस. या गावात स्वल्प म्हणजे दोन मिनिटंही होतात आणि अर्धा तासही.

मी आले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. नागपूरची मी, नवऱ्याच्या बदलीमुळे बंगळूरला आलेली, कॉम्प्युटरवर पोट भरणारी. जयनगरच्या या हॉस्पिटलात रुग्णांच्या कागदी नोंदी कॉम्प्युटरवर न्यायचं काम मला मिळालं. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर तुझ्या सर्जिकल वॉर्डात आले आणि माझ्या ऑफिसातल्या हिंदीत सुरुवात केली. तू माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून वाचलंस.

"रश्मी. आडनाव तर मराठी दिसतंय. कुठली गं तू?"

"नागपूर."

"मग हिंदी कशाला झाडतीस? मी निपाणीचा. बस. जेवलीस काय?"

मी तुम्ही-तुम्ही करत उत्तर द्यायला लागले तर हात वर केलास. "अक्का म्हण. आणि तुम्ही-बिम्ही नको. मोठा डॉक्टर झाल्यागत वाटतंय मला."

तुमच्याकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. "मी निपाणीचा" ऐकून मी क्षणभर गोंधळले होते. तू मला "काय करून राहिलीस" म्हणून चिडवायचीस, मी तुला "आलो" म्हणून. दोघी मराठी बोलायचो आणि दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं.

आता जे सांगते ते शोकसभेत सांगण्यासारखं नव्हतं. तुला सांगायचं राहिलं म्हणून इथे लिहिते.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा डॉक्टरांच्या स्क्रीनवर प्रत्येक गोष्टीला जागा होती. निदान, औषध, तपासण्या, सगळ्याच्या ठरलेल्या याद्या, त्यातून निवडायचं. नर्सच्या स्क्रीनवर ताप, नाडी, रक्तदाब आणि खाली एक मोठा रिकामा चौकोन. त्यावर लिहिलं होतं, 'रिमार्क्स'. तुम्ही दिवसभर जे काही करता, पाहता, हुंगता, हात लावून ओळखता, ते सगळं त्या चौकोनात. तू वर्षभर त्या चौकोनाला शिव्या घातल्यास. "कुठल्या कंपनीवाल्या गाढवानं केलंय हे?" असं तू म्हणायचीस आणि मी मान हलवायचे.

अक्का, कंपनीनं तो चौकोन पाठवला नव्हता. तो मी केला होता. एका दुपारी, एकाही सिस्टरला न विचारता. मला वाटलं होतं, बायकांना मोकळेपणानं लिहू द्यावं. ते गाढव मी होते.

आणि मग मुनिराजू आला.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची थप्पी अंगावर कोसळून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चाळिशीचा, बडबड्या, वॉर्डातल्या सगळ्यांची खबर ठेवणारा. ऑपरेशननंतर त्याला बराच काळ पाठीवर पडून राहायचं होतं. त्याच आठवड्यात तू भाचीच्या लग्नाला निपाणीला गेलीस. परत आल्याच्या सकाळी तू त्याला स्वतः कुशीवर वळवलंस आणि माकडहाडावर रुपयाएवढी जखम बघितलीस. वरची कातडी गेलेली, आतलं मांस दिसणारी.

तू ओरडली नाहीस. मला ते जास्त भीतीदायक वाटलं. तू माझ्या खोलीत आलीस, दार लावलंस आणि म्हणालीस, "गेल्या चार दिवसांतलं सगळं काढ."

मी काढलं. आपण दोघींनी वाचलं. पहिल्या दिवशी एकीनं लिहिलं होतं, पाठीची काळजी घेतली, किंचित लाली. दुसऱ्या दिवशी दुसरीनं, कंबरेखाली कातडी काळसर. तिसरीनं इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहिलं होतं, स्वल्प गाया, म्हणजे थोडी जखम, पावडर लावली. चौथ्या दिवशी पुन्हा पहिलीच, 'बी.एस.' एवढंच. बी.एस. म्हणजे बेडसोअर, अंथरुणाला खिळून होणारी जखम. डॉक्टरांनी ते ब्लड शुगर, म्हणजे रक्तातली साखर, समजून पुढे ढकललं होतं.

तू स्क्रीनवरच्या चारही नोंदींवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "तिघींनी बघितलं. तिघींनी लिहिलं. कामचुकार एक पण नाही. आणि तरी कुणालाच दिसलं नाही."

मी म्हणाले, "अक्का, चौकशी होईल. कुणाचं तरी नाव..."

"नाव कुणाचं घेतीस? शब्द चार आहेत, जखम एक आहे. शब्द एक असता तर दुसऱ्या दिवशीच कळलं असतं, वाढतंय म्हणून."

त्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं की चौकोन माझा आहे. मी नाही सांगितलं. मुनिराजूला पुढे कितीतरी दिवस पोटावर, कुशीवर झोपावं लागलं. तो मला बघितलं की हसून हात करायचा आणि मला जिना बदलावासा वाटायचा. आज लिहिताना हलकं वाटतंय, पण तू चष्म्यावरून बघतेयस असंही वाटतंय.

जखमेला सगळ्यांनी एकच ठरलेला शब्द वापरायचा, ही तुझी कल्पना तुझ्या सिस्टरांना मात्र आवडली नव्हती. ठरलेले शब्द म्हणजे आणखी टिचक्या, आणखी काम. जेसी तर तावातावानं म्हणाली होती, "मी वीस वर्षं जखमा बघतेय. मला यादीतून निवडायला सांगता?" तेव्हा घडलं ते सांबाराचं प्रकरण. त्या रविवारी तू माझ्याकडे जेवायला येणार होतीस. निघताना फोन केलास, "काय आणू?" मी पोहे करत होते. म्हटलं, "थोडा सांबार आण, संपलाय." तू जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातल्या हॉटेलातून डबाभर गरम सांबार घेऊन रिक्षानं आलीस. साडीवर अर्धा सांडलेला. आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तुला सांगितलं तर तू दारातच बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसलीस. आणि हसू थांबलं तसं एकदम म्हणालीस, "बघ. मराठी बाई मराठी बाईला सांगतीय, तरी हे. आणि माझ्या वॉर्डात मल्याळी सांगतीय कन्नडला, ती सांगतीय मणिपुरीला."

दुसऱ्या दिवशी तू बीटचं पाणी घेऊन वॉर्डात आलीस. कँटीनमध्ये बीटची पल्या, म्हणजे भाजी, झाली होती, त्याचं उकळलेलं लाल पाणी. कापसाचं ड्रेसिंग ताटलीत ठेवून तू त्यावर ते मोजून ओतलंस. मग एकेका सिस्टरला आत बोलावलंस, हातात चिठ्ठी दिलीस. "किती भिजलंय, लिही. शेजारणीचं बघायचं नाही." बाराजणींनी लिहिलं. तू चिठ्ठ्या उलगडून मोठ्यानं वाचल्यास. थोडं. बऱ्यापैकी. मध्यम. नॉर्मल. ओलं. जास्त. एकीनं लिहिलं होतं, 'डॉक्टरांना कळवावं लागेल इतकं'. एकीनं, 'बीट'. हसून हसून सगळ्या भिंतीला टेकल्या. जेसीची चिठ्ठी शेवटची निघाली. तिनं लिहिलं होतं, 'नेहमीसारखं'.

"जेसी," तू म्हणालीस, "वीस वर्षं तुझ्या डोळ्यांत आहेत. ती दुसरीच्या डोळ्यांत कशी जाणार? तू घरी गेल्यावर पेशंटकडे कोण बघणार, तुझं नेहमीसारखं?"

त्या संध्याकाळी घरी जाताना जेसीनं तुझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली, जखम मोजायला. मी बघितलं होतं.

मग ती कॉम्प्युटरवरच्या नोंदींसाठी नेमलेल्या समितीची बैठक. मोठे डॉक्टर, दोन सर्जन, हिशेबनीस, मी. नर्सपैकी कुणालाही बोलावलेलं नव्हतं, आणि तू बीटच्या पाण्याची बाटली घेऊन येऊन बसलीस. मोठे डॉक्टर स्वभावानं सज्जन आहेत. ते हसून म्हणाले, "सिस्टर, नर्सिंगच्या नोंदींसाठी रिमार्क्सची जागा आहे की. हवं ते लिहा."

"सर," तू म्हणालीस, "तुमचं निदान, तुमचं औषध, ते माहिती. आणि आम्ही माणसाला दर दोन तासांनी वळवतो, त्याची कातडी बघतो, त्यानं किती खाल्लं, पडेल का, घाबरलाय का ते बघतो. ते रिमार्क होय?"

माझे कान गरम झाले होते.

पुढे तू जे बोललीस ते मी नंतर कितीजणींना सांगितलंय! तू म्हणालीस, "चौकोनातलं कुणी शोधत नाही सर. मला विचारा, आज वॉर्डात किती जणांची कातडी बिघडायला लागलीय. मी प्रत्येक चौकोन वाचत बसणार? ठरलेल्या जागी ठरलेला शब्द असला तर हे मशीन एका मिनिटात सांगेल. आणि तो शब्द ठरवायला आम्ही पाहिजे. तुम्ही ठरवलात तर तुमच्या सोयीचा होईल, ही रश्मी ठरवेल तर कॉम्प्युटरच्या सोयीचा होईल. बघतो आम्ही, तर ठरवणार पण आम्ही."

तरुण सर्जन म्हणाले की एवढा काही फरक पडत नसतो, अनुभवी माणसाला कळतं. तू शांतपणे ताटली काढलीस, ड्रेसिंग ठेवलंस, पाणी ओतलंस. दोन सर्जन, दोन चिठ्ठ्या. एक म्हणाले 'मध्यम', दुसरे म्हणाले 'भरपूर'. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मोठे डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. यादी करायची परवानगी त्या हसण्यातच मिळाली.

पुढचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. दुपारी काम जरा ओसरलं की तुझ्या टेबलाभोवती पाच-सहा जणी जमायच्या. तू भाकरी आणि शेंगाचटणी आणायचीस. कातडीच्या जखमेच्या पायऱ्या जगभर ठरलेल्या आहेत, त्या आपण जशाच्या तशा घेतल्या. "नवं काढायची हौस नको," तू म्हणालीस, "उद्या हा पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात गेला तर तिथल्या सिस्टरला कळायला पाहिजे." बोटानं दाबून लाली पांढरी पडते का बघायचं, नाही पडली तर पहिली पायरी, हे तू माझ्या कोपरावर करून दाखवलंस. मी कॉम्प्युटरवाली, पण आजही बसमध्ये कुणाचा लाल कोपर दिसला की माझं बोट शिवशिवतं.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. आठवतंय? मी एकदा शिकले म्हटल्यावर मला सगळंच यादीत हवं होतं. रिमार्क्सचा चौकोन पुसूनच टाकू म्हणाले. खरं सांगायचं तर मला माझी चूक पुसायची होती. तू अडून बसलीस. "एक ओळ ठेव."

"तुलाच नको होता ना चौकोन?"

"चौकोन नको. ओळ पाहिजे. ठरलेले शब्द सगळ्या पेशंटांसाठी. ही ओळ या एकट्यासाठी. बायको भेटायला आली नाही म्हणून जेवला नाही, हे तुझ्या यादीत कुठं बसवतीस?"

मी म्हणाले, त्यालाही शब्द करता येईल. तू म्हणालीस, करून दाखव. मी तीन वेळा केला, तीनही वेळा तू नापास केलास. ओळ राहिली. आणि मी म्हणाले होते तसंच होतंय अक्का, काहीजणी यादी सोडून सगळं त्या ओळीतच कोंबतात. म्हणजे माझं बरोबर होतं. पण गेल्या आठवड्यात कुणीतरी त्या ओळीत लिहिलं होतं, 'आजोबांना ऐकू येत नाही, डाव्या कानाशी बोला, छान गप्पा मारतात.' म्हणजे तुझंही बरोबर होतं. आता हे भांडण मी एकटी कशी सोडवू?

यादी सुरू झाल्यावर काय झालं ते तू बघितलंस, पण मला पुन्हा सांगावंसं वाटतंय. होसूर रोडच्या आपल्या शाखेतून एक आजी इकडे आल्या. जेसीनं त्यांची नोंद उघडली, टाचेची जागा बघितली आणि तशीच उठली. काल पहिली पायरी, आज सकाळी तीच, पण मोठी. तिकडच्या सिस्टरला जेसीनं कधी पाहिलंही नव्हतं. जेसीनं आजींचे पाय उशीवर उचलून ठेवले, वळवायच्या वेळा लावल्या. टाच फुटली नाही. चार दिवसांनी आजी चालत घरी गेल्या. जेसी तुझ्याकडे आली आणि फूटपट्टी परत देत म्हणाली, "सरी, ठीक आहे अक्का, तुझं खरं." तू फूटपट्टी घेतली नाहीस.

आणि वॉर्डाला दोन सिस्टर जास्त मिळाल्या ते! वर्षानुवर्षं तुम्ही सांगत होता, हात कमी पडतात. कुणी ऐकत नव्हतं, कारण चौकोनातल्या कामाची मोजदाद होत नाही. आता किती जणांना किती वेळा वळवलं, किती जखमा बांधल्या, किती जण एकटे उठू शकत नाहीत, सगळं एका कागदावर आलं. तू तो कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलास आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "आज पहिल्यांदा मी मागितलं नाही. दाखवलो फक्त." तुझा चेहरा तेव्हा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखा झाला होता.

मग तूच आमची पेशंट झालीस. हृदय दमलं होतं, पायांवर सूज. तुझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर. आम्ही सगळ्या दबकून वागत होतो आणि तू मात्र मजेत. जेसी सूज बघायला आली तर तू स्वतःच नडगीवर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते मोजलंस. "सुजेची पायरी दोन लिही. माया करून एक लिहू नकोस." जेसीनं तीन लिहिलं. तू वाकून बघितलंस, पुन्हा दाबलंस आणि कबूल केलंस. "तीन आहे. बरोबर." तुझी शिष्या तुझ्यापेक्षा नीट बघते याचा तुला एवढा आनंद झाला की शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगितलंस.

त्या दुपारी मी तुझ्या उशाशी बसले होते. चौकोनाचं सांगायचंच असं ठरवून आले होते. तू मोसंबी सोलत होतीस. "काय बोलायचंय ते बोल," म्हणालीस. मी म्हणाले, "काही नाही, बरी हो लवकर." तू अर्धी मोसंबी माझ्या हातावर ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी तुझे आभार मानले असंही नाही. तू मला माझं काम शिकवलंस, अक्का. मी यंत्राला माणसं कशी दाखवायची हे इतकी वर्षं शिकत होते, आणि ते तुझ्या टेबलापाशी भाकरी खाता खाता कळलं.

काल यादीची बैठक होती. तुझ्याशिवायची पहिली. नवीन लागलेली एक सिस्टर आली होती, अथणीकडची, ड्युटीला लागून तीन आठवडेही झाले नसतील. तिनं तुला पाहिलेलं नाही. मी यादी वाचत होते, तर तिनं हात वर केला. थोडी घाबरलेली, पण आवाज स्पष्ट.

"मॅडम, झोपेला इथे 'झोपला' आणि 'झोपला नाही' एवढंच आहे. दुखण्यानं न झोपणारा वेगळा, काळजीनं न झोपणारा वेगळा. दोघांना मी एकच शब्द लिहू? हे चुकलंय."

मी जेसीकडे बघितलं, जेसीनं माझ्याकडे. यादी तुझ्या हातची होती, आणि मला क्षणभर तुझी बाजू घ्यावीशी वाटली. मग मी पेन काढलं आणि तिला म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आता तू सांग, कोणते शब्द असावेत?"

ती खुर्ची पुढे ओढून सांगायला लागली, आणि आम्ही लिहून घ्यायला लागलो.

तुझी,
रश्मी